बसलेला आवाज

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणतो, यांनी एका सुटीच्या दिवशी सकाळी आपली गिटार मांडीवरून उतरवून भिंतीशी उभी केली आणि अत्यंत गंभीर मुद्रेने असे जाहीर केले की, तिचा आवाज बसला आहे.

या 'बसणे' शब्दाविषयी प्रारंभीच खुलासा करणे मला अगत्याचे वाटते. आम्ही दोघे ज्या कारखान्यात नोकरी करतो तेथे पत्र्याच्या मोठमोठ्या टाक्या तयार होतात, आणि तेथे हा शब्द शुभ मानला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यापाशी पत्रा फुगतो. मग दाजी वरच्या भोकातून टाकीत उतरतात, बाहेरून एक मदतनीस लोखंडी ठोकळा टेकवून धरतो, आणि दाजी आतून घणाचे घाव घालून तो फुगवटा सपाट करतात. पत्रा सपाट झाला की घावाचा नाद पालटतो. आतापर्यंत भांड्यासारखा वाजणारा पत्रा भिंतीसारखा वाजू लागतो. त्या क्षणी दाजी आतून ओरडतात, "बसला," आणि मी, ज्याचे काम टाकीला तांबडा रंग देण्याचे आहे, ब्रश उचलतो. हा पालटलेला नाद ओळखण्यासाठी कान मोकळे असावे लागतात, म्हणून दाजींनी कानांत कापसाचे बोळे कधीही घातले नाहीत. इतरांनी घातले, आणि इतरांना टाकीत कोणी उतरवले नाही.

परंतु माणसाचा घसा बसतो तेव्हा हाच शब्द अशुभ ठरतो. गिटारीच्या संदर्भात दाजींनी तो या दुसऱ्या अर्थाने उच्चारला होता.

"बसला म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे बसला. सर्दी झाल्यासारखी बोलतेय. तुला कळत नाही?"

"मला तर नेहमीसारखीच वाटते."

"तुझे कान म्हणजे शोभेला लावलेत, मेहुणे. टोपी अडकवायला."

गिटार कशी धरावी इथपासून सर्व काही मला दाजींनीच शिकवले होते. सुटीच्या सकाळी आम्ही घराबाहेर जिन्याच्या माथ्यावर दोन स्टुले टाकून बसत असू. ते सुरावट वाजवीत आणि मी माझ्या प्लायवूडच्या स्वस्त गिटारीवर त्यांना कॉर्डची साथ देत असे. त्यांचा कान हा आमच्या दोघांमधला एकमेव खरा कान होता. मला जर आवाज बसल्याचे जाणवत नसेल, तर दोष माझ्याच कानांचा असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि त्यावर कित्येक आठवडे ठाम राहिलो.

त्या आठवड्यांत दाजींनी गिटारीची शुश्रूषा एखाद्या आजारी आप्ताप्रमाणे केली. जुन्या तारा उतरवून नव्या चढवल्या. त्या मंद वाटल्या म्हणून त्याहून कडक, चकचकीत तारा आणून चढवल्या. कोरड्या फडक्याने तिचे पोट आतून पुसले, तिला खिडकीतल्या कोवळ्या उन्हात बसवले, मानेतला स्क्रू किंचित फिरवून पाहिला. प्रत्येक उपचारानंतर ते पहिली तार छेडीत, डोळे मिटीत आणि नकारार्थी मान हलवीत. आत माझी बहीण मात्र कपाळाला हात लावी.

"अहो, कानात सुई घातल्यासारखं होतंय," ती दारात येऊन म्हणाली.

"काय?"

"सुई. कानात."

"मग काढून घे की," दाजी म्हणाले आणि पुन्हा खुंट्या पिळू लागले.

आम्ही तिघेही हसलो. त्या हसण्याचे आज मला वैषम्य वाटते.

शेवटी नवी गिटार घ्यावयाची ठरली. येथे हे नमूद केले पाहिजे की गिटार निवडणे हा दाजींच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विलास होता. काही घ्यावयाचे नसतानाही ते मला दुकानांत घेऊन जात. गिटारीच्या पोटातल्या भोकाशी नाक नेऊन ते लाकडाचा वास घेत आणि म्हणत, "ही अजून झाडच आहे, हिला वेळ द्यायला हवा." रुंद पोटाची गिटार त्यांना बडबडी वाटे, कमरेशी बारीक असलेली मांडीवर गुणी मुलीसारखी बसते असे ते सांगत. मान हाताळताना ते डोळ्यांनी पाहत नसत. अंगठा मागून फिरवीत आणि सांगत की ही जाड आहे, संध्याकाळपर्यंत पंजा दुखेल, ही पातळ आहे, पोरकट आहे. दुकानात त्यांनी कधीही गाणे वाजवले नाही. गाणे वाजवणारे गिऱ्हाईक गाण्याला भुलते, असे त्यांचे मत होते.

त्यांची खरी परीक्षा एकच होती. पहिल्या तारेवर, मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीशी, म्हणजे फ्रेटशी, बोट टेकवून ते एकच स्वर काढीत, डोळे मिटीत आणि उजव्या हाताची तर्जनी मांडीवर ठेवून ऐकत राहत. स्वर हळूहळू क्षीण होत जाई. तो पूर्णपणे विझला की तर्जनी वर उचलत. या विझत जाणाऱ्या भागाला ते स्वराचे शेपूट म्हणत. "तोंड सगळ्यांचं गोड असतं," ते म्हणत, "गिटार शेपटावर घ्यायची." त्यांची स्वतःची अखंड लाकडाची गिटार त्यांनी तरुणपणी शहरातली सर्व दुकाने पालथी घालून याच परीक्षेने मिळवली होती. तिचे शेपूट इतके लांब होते की मी अनेकदा कंटाळून चुळबुळ करीत असे आणि दाजींची तर्जनी तरीही खालीच असे.

तर आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान अरुंद व खोल होते, दोन्ही भिंतींवर गिटारी मानेने टांगलेल्या होत्या, आणि दुकानदार, जो दाजींना फार वर्षांपासून ओळखत होता, खुर्चीत बसून एका व्हायोलिनला तार चढवीत होता.

"या. आज वास घ्यायला आलात की घ्यायला?" तो म्हणाला.

दाजी पुढे जाऊन गिटारी न्याहाळू लागले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. दुकानदाराने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि मीच म्हणालो, "आज घ्यायला."

दाजींनी पहिली गिटार उतरवली, बाराव्या फ्रेटशी स्वर काढला आणि डोळे मिटले. स्वर दुकानाच्या टोकापर्यंत गेला. तो पुरता खुललाही नव्हता तोच त्यांची तर्जनी वर आली.

"तुटकं," ते म्हणाले.

दुसरी घेतली. पुन्हा तेच घडले. मी ऐकत होतो. स्वर अजून लाकडात स्पष्टपणे फिरत होता, आणि दाजींची तर्जनी मात्र वर होती व मान नकारार्थी हलत होती. तिसऱ्या गिटारीच्या वेळी दुकानदाराने हातातले व्हायोलिन मांडीवर आडवे ठेवले. दाजींनी बोट उचलले तेव्हा त्याने ऐकता ऐकता माझ्याकडे पाहिले, आणि स्वर संपेपर्यंत आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. त्या क्षणापर्यंत मी माझ्याच कानांना दोष देत आलो होतो. परंतु तेथे दोन माणसांचे कान एक सांगत होते आणि तिसऱ्याचे बोट दुसरे सांगत होते.

"हल्लीचा मालच तसला," दाजी खेदाने म्हणाले. "सगळ्यांचेच आवाज बसलेले."

अखेरीस त्यांना एक गिटार पसंत पडली. ती पातळ पोटाची, झगझगीत पॉलिशची आणि कर्कश होती. ती छेडली असता दुकानदाराने नकळत डोळा बारीक केला. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरले. "ही निदान बोलते तरी. पुढच्या सुटीला माझी जुनी घेऊन येतो. ती ठेवून घ्या आणि ही द्या."

"जुनी देणार?" दुकानदाराने विचारले, आणि मग आवाज चढवून पुन्हा विचारले.

"घशातून गेलेली बाई गाणार काय?" दाजी म्हणाले.

घरी परतल्यावर दाजी अंघोळीला गेले असताना मी बहिणीला स्वयंपाकघरात गाठले. ती कांदे चिरीत होती. मी घडलेली हकिगत तिला सविस्तर सांगितली. तिने सुरी थांबवली नाही.

"मला काय नवीन सांगतोस?" ती म्हणाली. "फोन वाजतो, त्यांना पत्ता नसतो. पाठीमागून बोललं की ढिम्म. सुरुवातीला मला वाटायचं नवरेपणा आहे. सगळ्यांचेच नवरे तसे असतात."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?"

"कान तपासून घ्या म्हणून."

"समजा, घेतले तपासून. डॉक्टर काय म्हणेल? टाकीत ठोकून गेलेले कान कुणी परत देतं का?" तिने चिरलेला कांदा सुरीने एका बाजूला सारला. "तू उगाच शहाणपणा करू नकोस हं. त्यांना वाटतंय ना गिटार बिघडली? वाटू दे. गिटार तरी बदलता येते."

"अगं, पण ती गिटार. तशी पुन्हा मिळायची नाही."

"लाकूड आहे ते. आणि हे माणूस आहे." मग ती थोड्या खालच्या आवाजात म्हणाली, "त्या स्टुलावर बसले की ते कुणीतरी असतात. ते काढून घेतलंस तर मी काय करू घरात त्यांचं?"

तिचे म्हणणे मला पटले, आणि पटूनही अंतःकरणास शांती मिळेना. तो संपूर्ण आठवडा माझा जीव टांगणीला लागला. कारखान्यात टाकीवर रंग देण्यासाठी वाट पाहत उभा राहिलो असता मला असेही जाणवले की, दाजी अलीकडे गरजेपेक्षा फार अधिक घाव घालतात. बाहेर ठोकळा धरणारा मदतनीस ओरडून म्हणे, "अहो, झाला की सपाट, आता काय पत्र्याला भोक पाडता?" आतून घाव चालूच राहत. मी आजवर ही दाजींची काटेकोर वृत्ती समजत होतो.

ठरल्याप्रमाणे पुढच्या सुटीला आम्ही दुकानात गेलो. दाजींनी आपली गिटार जुन्या चादरीत गुंडाळून लहान मुलासारखी खांद्याशी धरली होती. दुकानदाराने ती चादरीतून काढून काउंटरवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि भिंतीवरची कर्कश गिटार खाली उतरवली. मी गप्प राहण्याचे बहिणीस वचन दिले होते. परंतु दुकानदार जुन्या गिटारीला भिंतीवरचा रिकामा आकडा शोधू लागला तेव्हा माझ्याच्याने राहवले नाही.

"दाजी, ही देऊ नका."

"काय?"

"हिचा आवाज चांगला आहे."

"कुणाचा?"

हलक्या आवाजात सांगावयाची गोष्ट होती, आणि हलक्या आवाजात ती पोहोचत नव्हती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. मला मोठ्याने बोलावे लागले.

"हिचा आवाज बसलेला नाही, दाजी. शेपूट शाबूत आहे."

गिऱ्हाइकांनी वळून पाहिले. दाजींना राग आला नाही. उलट, मठ्ठ विद्यार्थ्याविषयी शिक्षकाला वाटावी तशी कणव त्यांच्या मुखावर उमटली.

"तुला अजून ऐकताच येत नाही," ते म्हणाले. "माझीच शिकवण कच्ची राहिली. ये, बस इथं. बोट मांडीवर ठेव. मी स्वर काढतो, संपला की बोट उचल. डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल."

त्यांनी काउंटरवरची जुनी गिटार मांडीवर घेतली. मी समोर बसलो आणि तर्जनी मांडीवर टेकवली. त्यांनी बाराव्या फ्रेटशी पहिली तार छेडली.

मी येथे कबूल करतो की बोट लवकर उचलावे हा विचार माझ्या मनात आला. तसे केले असते तर सर्व काही सुरळीत पार पडले असते. दाजी म्हणाले असते, पाहा, तुलाही कळले. ते कर्कश गिटार घेऊन आनंदाने घरी आले असते, आणि माझी बहीण निश्चिंत झाली असती. दाजींचा चेहरा आधी तल्लीन होता, मग तो सैल झाला, आणि मला समजले की त्यांच्यासाठी स्वर संपला आहे. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिले.

परंतु स्वर चालू होता. तो इतका निर्मळ होता, की तो ऐकू येत असताना खोटे बोलणे माझ्या बोटास साधले नाही.

दाजी माझ्या बोटाकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिले, मी चेष्टा करतो आहे काय हे पडताळण्यासाठी. नंतर त्यांची नजर दुकानदाराकडे गेली. तो भिंतीवरच्या आकड्याला हात लावून, मान किंचित कलती करून ऐकत होता. मागे उभी असलेली दोन्ही गिऱ्हाइकेही ऐकत होती. त्या संपूर्ण दुकानात ऐकत नसलेला एकच मनुष्य होता, आणि स्वर त्याच्याच मांडीवर वाजत होता.

मी बोट उचलले.

दाजींनी तारेवर तळहात ठेवला. ते म्हणाले, "आत्ता संपला?"

मी मान हलवली.

"म्हणजे शेपूट आहे."

"आहे."

"केवढं?"

"पूर्वीएवढंच," मी म्हणालो.

त्यांनी गिटार स्वतःच चादरीत गुंडाळली. गाठ नीट बसेपर्यंत त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. दुकानदाराने कर्कश गिटार परत टांगली. परतीच्या वाटेवर दाजी रस्त्याच्या कडेकडेने चालत होते. मागून एक ट्रक भोंगा वाजवीत आला आणि ते बाजूला झाले नाहीत. मी त्यांचा दंड धरून त्यांना आत घेतले व स्वतः रस्त्याच्या बाजूला झालो. घरी पोहोचल्यावर बहिणीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, नंतर माझ्याकडे पाहिले, आणि ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

कारखान्यात मी त्यांना कापसाचे बोळे आणून दिले. त्यांनी ते तळहातावर घेऊन पाहिले.

"आता कुलूप कशाला?" ते म्हणाले. "घरात चोरण्यासारखं राहिलंय काय?" आणि ते टाकीत उतरले.

त्यानंतरच्या सुट्यांना जिन्याच्या माथ्यावर स्टुले पडली नाहीत. दाजी खिडकीपाशी बसत. बहीण त्यांच्यासमोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवून, चहा हवा का असे विचारी आणि ते मानेने हो किंवा नाही म्हणत. मी माझी गिटार त्यांच्या घरी नेण्याचे सोडून दिले. मी खरे बोलून काय मिळवले, या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सापडले नाही, आजही सापडलेले नाही. बहिणीच्या मते मी एक लाकूड वाचवले.

पुढे एका सकाळी त्यांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतले, आणि येताना गिटार आण असे बजावले. जाऊन पाहतो तो स्टुले मांडलेली होती. दाजींनी आपली गिटार माझ्यापुढे धरली.

"ही तू घे. तुझी मला दे."

"हे काय भलतंच," मी म्हणालो, आणि मग तेच मोठ्याने म्हणालो.

"भलतं काही नाही. मला जेवढं ऐकू येतं तेवढ्याला तुझं खोकं पुष्कळ झालं. ही माझ्या हातात वाया जातेय."

"अहो, पण मला कुठं एवढं वाजवता येतं."

"येत नाहीच. म्हणून तर बोलावलं."

आम्ही गिटारींची अदलाबदल केली. त्यांची गिटार प्रथमच माझ्या मांडीवर आली. मान माझ्या पंजाला जाड वाटली, आणि इतक्या वर्षांच्या त्यांच्या अंगठ्याने मागचे पॉलिश जेथे झिजले होते तेथे माझा अंगठा टेकेना. मी बिचकत एक कॉर्ड धरली. आतून बहीण दारापर्यंत आली. आवाज नेहमीच्या बाजूने न येता माझ्या बाजूने येतो आहे, हे तिच्या ध्यानात आले असावे. ती चौकटीला टेकून उभी राहिली.

दाजी माझ्या हाताकडे डोळे लावून बसले होते.

"तिसरं बोट लोळतंय. उभं धर."

मी उभे धरले.

"आता बाराव्यावर जा. एकच स्वर काढ."

मी स्वर काढला. तो माझ्या हातून निघाला आहे यावर माझा विश्वास बसेना. दाजींनी डोळे मिटले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"काय येतंय ते."

फावल्या वेळात मी एवढी पुस्तके वाचतो, तरी त्या वेळी मला एकही योग्य शब्द सुचला नाही. "लांब जातंय," मी मोठ्याने म्हणालो.

"कुठपर्यंत?"

मी ऐकले. "खालच्या जिन्याच्या वळणापर्यंत."

दाजींनी मान हलवली. "माझ्या हातानं खालच्या दारापर्यंत जायचं. तुझा दाब कमी पडतोय. बोट तारेवर नुसतं ठेवू नकोस, रेट." त्यांनी माझे प्लायवूडचे खोके मांडीवर सरळ केले आणि पुढे वाकले. "पुन्हा काढ. आणि नीट ऐक, कुठवर गेला ते तू मला सांगायचंस."